धबधब्याचा पत्ता

मृगाच्या पहिल्या दोनचार सरी कोसळल्या न कोसळल्या तोंच पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांतून, साप्ताहिकांतून, आणि अलीकडे प्रत्येकाच्या खिशांत जाऊन बसलेल्या त्या चिमुकल्या पडद्यावरून एक ठराविक मजकूर वाहूं लागतो. त्याचें शीर्षक बहुधा 'तुम्हांला ठाऊक नसलेले दहा शांत धबधबे' अशा धर्तीचें असतें. खालीं गांवाचें नांव, मोटार कोठपर्यंत जाते तें, भजीं कोठें मिळतात तें, आणि शेवटीं 'गर्दी होण्यापूर्वीं पाहून या' असा प्रेमळ सल्ला. हा सल्ला लिहिणाऱ्याला आपण काय लिहीत आहों याची जाणीव असते कीं नसते, कोण जाणे. पण त्या एका वाक्यांत त्याच्या सगळ्या उद्योगाचा निवाडा आहे. गर्दी येणार हें त्याला माहीत आहे. ती आपणच बोलावीत आहों, एवढेंच तो सांगत नाहीं.

या उद्योगाविरुद्ध मला लिहावयाचें आहे. लहान व शांत धबधब्याचा पत्ता छापणें अनिष्ट आहे; तो शोधण्याची रीत शिकविणें इष्ट आहे; आणि या दोन्ही गोष्टी एकच, असा जो समज सुशिक्षित कुटुंबांतून पसरला आहे तो चुकीचा आहे, असें माझें म्हणणें आहे.

यावर येणारा आक्षेप हलका नाहीं, म्हणून तो आधींच मांडतों. 'तुम्ही तरुणपणीं डोंगर हिंडलांत, पाणी पाहिलेंत, आणि आतां दार लावून घेतां. सृष्टीचें सौंदर्य काय तुमच्या वाडवडिलांनीं मिळवून ठेविलें आहे? ज्याला रजा मिळत नाहीं, ज्याच्या घरीं हिंडण्याफिरण्याची परंपरा नाहीं, अशा माणसाला रविवारीं एक धबधबा दाखविला, तर तुमचें काय गेलें?' या बोलण्यांत सत्याचा अंश आहे, आणि तो टोंचणारा आहे. आपल्याकडे ज्यांनीं विद्येचे, देवळांचे आणि पाणवठ्यांचे दरवाजे शतकानुशतकें लावून घेतले, त्यांची भाषाहि पावित्र्य टिकविण्याचीच होती. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट ज्या प्रांतांत घडली, तेथें पाणी राखून ठेवण्याची भाषा करणाऱ्यानें दोनदां विचार करून बोललें पाहिजे. मीं तो केला आहे. आणि विचारान्तीं माझें मत असें झालें आहे कीं, यादी दार उघडीत नाहीं. शंभर दारें उघडीं असतांना ती सर्वांना एकाच दारांत लोटते.

पत्ता लागतो तो दुर्मिळ वस्तूचा. सह्याद्रींत धबधबा ही दुर्मिळ वस्तुच नव्हे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर पसरून हा प्रदेश बनला. त्या थरांपैकीं कांहीं घट्ट व चिवट, कांहीं सच्छिद्र व ठिसूळ, आणि कांहींच्या मध्यें तांबड्या मातीचा मऊ पट्टा. वाहतें पाणी मऊ भाग पोखरतें, वरचा कठीण कातळ छपराच्या पागोळीसारखा पुढें राहतो, आणि खालचा आधार सुटला म्हणजे तोहि केव्हां तरी तुटून पडतो. म्हणून आपला प्रत्येक डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा, आणि प्रत्येक पायरीवर चार महिने पाणी उडी घेतें. घांटमाथ्यावरून कोंकणांत उतरणारा असा एक तरी पऱ्ह्या दाखवावा, कीं जो कोठें ना कोठें स्वतःला कड्यावरून झोंकून देत नाहीं! यांतले बहुतेक मोसमी आहेत. ज्येष्ठांत जन्मतात, कार्तिकांत आटतात. त्यांची गणती कोणीं केलेली नाहीं, आणि करूंहि नये. अशा मुलुखांत दहांची यादी करणें म्हणजे भर श्रावणांत 'हिरवें गवत पाहण्याचीं दहा स्थळें' सांगण्यासारखें आहे. विपुलता असतांना टंचाई निर्माण करावयाची, ही व्यापाऱ्याची युक्ति आहे. निसर्गप्रेमाशीं तिचा संबंध नाहीं.

आणि यादीवाले नवें शोधतात, हाहि भ्रमच. ते एकमेकांच्या याद्या उतरवून घेतात. रायगड जिल्ह्यांत भिऱ्याजवळचें देवकुंड पहा. भिरें हें गांव मुळशीचें पाणी जेथें विजेसाठीं उतरविलें जातें तें. त्या पाण्यापायीं सेनापति बापटांनीं केवढा लढा दिला, तें जुन्या पिढीला सांगावयास नको. त्या भिऱ्यापासून दोनतीन तासांच्या चालीवर, तीन बाजूंनीं कड्यांनीं वेढलेलें हें कुंड. एका पिढीपूर्वीं तेथें आसपासचे लोक आणि तुरळक डोंगरयात्री जात. मग तें 'अपरिचित' म्हणून प्रसिद्ध झालें, आणि प्रसिद्ध होऊनहि याद्यांत 'अपरिचित'च राहिलें. माणसें बुडालीं, पावसाळ्यांत बंदीचे हुकूम निघूं लागले. माणगांव तालुक्यांतील कुंभे येथें जुलै २०२४ मध्यें चित्रण करतांना एक तरुणी दरींत पडून गेली. त्याआधीं थोड्याच दिवसांपूर्वीं, ३० जून रोजीं, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या ओघांत एकाच कुटुंबांतील पांच जीव वाहून गेले होते. भुशी तर कांहीं अपरिचित नव्हे, हें मला मान्य आहे. पण तेथील मृत्यूनें जें दाखविलें तें सर्व ठिकाणीं लागू आहे. मोटारींतून उतरून थेट पाण्यांत उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या पाण्याच्या मागचा डोंगर ठाऊक नसतो. वर कोठें पाऊस पडतो आहे, ओढ्याचें खोरें केवढें, तो किती वेळांत फुगतो, हें वाट तुडवीत आलेल्या माणसाच्या नकळत ध्यानांत येतें. पत्त्यावर पोंचलेल्याच्या तें येत नाहीं.

मग सरकार काय करणार? पूर्वीं फौजदारी प्रक्रिया संहितेचें कलम १४४ होतें, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचें कलम १६३ आहे. कलम बदललें, हुकूम तोच. गोव्यांत जुलै २०२३ मध्यें नेत्रावळीच्या रानांत दोघे बुडाल्यावर अभयारण्यांतील धबधब्यांकडे जाण्यास बंदी झाली. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाहीं. हुकुमाला मद्यपी आणि पदयात्री यांतला भेद करतां येत नाहीं. यादीचा शेवट मात्र या हुकुमांत होतो. सर्वांसाठीं दार उघडतों म्हणणाऱ्यांनीं तें सर्वांसाठीं बंद करविलें.

आतां 'अपरिचित' या शब्दाकडे वळूं. मला सर्वांत चीड या शब्दाची येते. अपरिचित कोणाला? बारा वर्षांपूर्वीं मावळांतल्या एका वाडीवरून जात असतां दारांत नाचणी पाखडीत बसलेल्या एका म्हातारीनें विचारलें, "कुठं निघालात, बाबा?" मीं शहरी थाटांत सांगितलें, "आजी, इथं जवळ पाणी पडतं म्हणे, ते बघायला." ती हंसली. "पावसात पाणी सगळीकडंच पडतंय की!" मग तिनें मला चार धारांचीं चार नांवें सांगितलीं. एकीवर वाडीचें पिण्याचें पाणी चालतें. दुसरीच्या डोहावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत, तेथें चपला घालून जावयाचें नाहीं. तिसरीखालीं आठ वर्षांमागें बैल वाहून गेला होता. चौथीकडे सुगीनंतर गेलेलें बरें, कारण वाट भातखाचरांच्या बांधांवरून जाते आणि पावसांत पायानें बांध फुटतात. मी चौथीचा नाद सोडून दुसरीकडे गेलों. तिच्या नातवानें वाट दाखविली, आणि डोहाजवळ येतांच न सांगतां पायांतल्या वहाणा काढल्या.

तीं नांवें मी येथें लिहिणार नाहीं. परंतु गेल्या वर्षीं पुन्हां त्या वाडीवरून गेलों, तेव्हां त्या चौथ्या धारेला एक इंग्रजी वळणाचें नवेंच नांव मिळालेलें होतें, बांधावरून मोटारसायकली जात होत्या, आणि खाचराच्या कडेला तुटलेल्या बाटल्यांचा खच होता. आजी आतां नाहीं. नातू मोटारी उभ्या करण्याचे पैसे घेतो. त्याला त्यांतून चार महिने मिळकत होते, हें मला लपवावयाचें नाहीं. पण त्यानें स्वतःच सांगितलें कीं खालच्या अंगाचीं दोन खाचरें पडीक टाकलीं, कारण चिखलणीला उतरावें तर पायांत कांच जाते. या हिशेबांत नफा किती आणि तोटा किती, तो त्यालाहि नीट मांडतां येईना.

'अपरिचित' ठरविणाऱ्या दृष्टीला स्थानिक माणूस जसा दिसत नाहीं, तसा पाण्यांतला जीवहि दिसत नाहीं. ज्या आंबोलीच्या मोठ्या धबधब्याखालीं रविवारीं उभें राहण्यास जागा मिळत नाहीं, त्याच आंबोलीजवळ हिरण्यकेशी नदी एका गुहेंतून उगम पावते. तेथें महादेवाचें स्थान आहे व पुढें लहानसें कुंड. त्या पाण्यांतील माशाची एक नवी जात २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं नोंदली. तिला नदीचेंच नांव दिलें, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्यें राज्य सरकारनें ती जागा जैवविविधतेचें वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तेथें देव होता म्हणून कोणीं साबण लावून आंघोळीचा धिंगाणा घातला नाहीं. बाकीच्या कुंडांत काय आहे, हें कोणीं पाहिलें आहे?

मग शोधूंच नये कीं काय? शोधावें, अवश्य शोधावें. महाडजवळची शिवथरघळ घ्या. पावसाळ्यांत तिच्या तोंडावरून पाण्याचा लोट कोसळतो. समर्थांचें तेथें वास्तव्य होतें आणि दासबोधाची रचना तेथें झाली, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं १९३० सालीं ती घळ शोधून काढली असें आपण म्हणतों, आणि तें योग्यच आहे. पण ती विस्मृतींत गेली होती ती विद्वानांच्या. घळीखालच्या गुराख्याला ती ठाऊक नव्हती, असें कोण म्हणेल? जुन्या कागदांचा जन्मभर व्यासंग केलेला माणूस तेथें येऊन उभा राहिला, तेव्हां त्याला जें दिसलें असेल, तें आज मोटारींतून उतरून दहा मिनिटांत परतणाऱ्याला दिसत नाहीं. पाणी दोघांना तेंच.

इतकी विद्वत्ता आपल्यापाशीं नसली तरी नकाशा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारांत एक या प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून नागरिकांना संगणकावरून विनामूल्य मिळतात. त्यांत दर वीस मीटर उंचीला एक, अशा तपकिरी समोच्च रेषा असतात. जेथें त्या एकमेकींना चिकटून दाट होतात, आणि त्या दाटींतून एक निळी रेघ आरपार जाते, तेथें पाणी पडतें. एवढें ज्याला कळलें त्याला दहांच्या यादीची गरज उरत नाहीं. एका तालुक्याच्या नकाशावर एका संध्याकाळीं त्याला तीस जागा सांपडतील. माझ्या पुतण्याला मीं हेंच सांगितलें. पहिल्या रविवारीं तो करवंदीच्या जाळींत अडकून हात ओरबाडून परतला. दुसऱ्या रविवारीं धार सांपडली, पण ती सुतासारखी बारीक. तो जरा खट्टू झाला होता. मला तर त्या सुताएवढ्या धारेबद्दल ऐकण्यांत गोडी वाटली, कारण तिच्याखालीं दोन तास बसून त्यानें काय काय पाहिलें तें तो सांगत होता.

ऋतूचें सांगतों. आषाढांतल्या पाण्याला नजरेनें पहावें, पायानें नव्हे. भाद्रपद संपतां संपतां पाणी निवळतें, वाट दिसूं लागते, सोनकीचीं फुलें येतात, आणि तोंवर यादीवाले दुसऱ्या विषयाकडे वळलेले असतात. डोहाशीं बसलें असतां पाणी एकाएकीं गढूळ झालें, काटक्या व पालापाचोळा वाहून येऊं लागला, तर सामान तेथेंच सोडून वरच्या अंगाला निघावें. पाऊस आपल्या डोक्यावर पडत नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. आणि आधीं वाडींत विचारावें. नकाशांत निळी रेघ असते. वाडीचें पिण्याचें पाणी कोणतें, तें नकाशांत नसतें.

ज्यांना चालवत नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो माझ्या बाजूचा कच्चा दुवा आहे असें म्हणणाऱ्यांशीं मी वाद घालणार नाहीं. म्हाताऱ्या आईला, तान्ह्या मुलाला पडतें पाणी पाहण्याचा हक्क आहेच. पण त्यासाठीं साताऱ्याजवळचें ठोसेघर आहे, आंबोली आहे, चिपळुणाजवळ महामार्गाला लागून असलेला सवतसडा आहे, भंडारदऱ्याचा रंधा आहे. या जागा जगजाहीर आहेत, त्यांचें जें व्हावयाचें तें झालें आहे. तेथें भक्कम कठडे, पुरेशीं शौचकूपें, मोटारींच्या संख्येवर मर्यादा, पाण्याची पातळी पाहून शिट्टी वाजविणारा पगारी माणूस, आणि रविवारीं संध्याकाळीं कचरा उचलून नेणारी गाडी, एवढें कोणी करून दाखवावें. अकरावा धबधबा शोधून छापण्यापेक्षां हें काम अवघड आहे, त्याला पैसा लागतो, आणि त्याचें रील निघत नाहीं. यादी लिहिणाऱ्यांपैकीं कोणी त्यासाठीं जिल्हा कचेरींत चार खेटे घातल्याचें कळलें, तर त्याची जाहिरात मी स्वतः याच पानांतून करीन.