मध नको, मग मधमाशी कशाला?

व्यापारी घरातील मुलांना हिशेब लवकर उमगतो. जे पेरले त्यातून हाती काय येणार, हा प्रश्न त्यांच्या तोंडी स्वाभाविकच असतो. मधमाश्या याव्यात म्हणून गॅलरीत फुलझाडे लावू या, असे अशा घरात सुचवले की एखादे चाणाक्ष मूल विचारतेच, "आपण मध खात नाही, मग मधमाशीला बोलवायचे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. जैन आचारात मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधही वर्ज्य मानला आहे. पोळे पिळताना आतील जीवांची हत्या होते, हे त्यामागचे एक कारण. परंतु मधमाशीचे कार्य मधापुरते नाही. ते समजावून देण्यास स्वयंपाकघरातील धण्यांचा डबा पुरेसा आहे.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मुलाच्या हाती वीस धणे द्यावेत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून ते हलके रगडून दुभंगावेत आणि कुंडीतील भुसभुशीत मातीत बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरावेत. शेजारच्या कुंडीत चिमूटभर मोहरी टाकावी. मोहरी चार-पाच दिवसांत वर येते. धणे दहा-पंधरा दिवस घेतात. या विलंबात मुलाने माती उकरून पाहू नये, एवढेच वडीलधाऱ्यांनी सांभाळावे. भाजलेले धणे किंवा धण्याची डाळ पेरून मात्र काही उगवत नाही, हेही मुलाने एकदा करून पाहण्यासारखे आहे.

कोथिंबीर वाढली की पहिली कसोटी घरच्यांची असते. रोजच्या आमटीसाठी हात कुंडीकडे वळतो. पाने सतत खुडत राहिल्यास झाड फुलावर येण्यास विलंब लागतो. म्हणून एक कुंडी मुलाच्या नावे राखून ठेवावी आणि तिला कोणी हात लावू नये. मोठ्यांनी पाळलेला हा शब्द मूल दीर्घकाळ लक्षात ठेवते.

पुढे पांढऱ्या फुलांचे छत्रीसारखे गुच्छ येतात. धण्याच्या एकाच फुलात पराग आधी पिकतो आणि पराग स्वीकारणारा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे पराग बहुतेक वेळा दुसऱ्या फुलाकडून यावा लागतो, आणि तो आणण्याचे काम मधमाश्या व इतर कीटक करतात. मुलाने एका कोवळ्या गुच्छाला फुले उमलण्याआधीच मलमलीच्या तुकड्याची सैल पिशवी बांधावी आणि दुसरा मोकळा ठेवावा. दोन्हींमध्ये किती दाणे धरले, ते मोजून वहीत लिहावे. दुकानात तोलल्या जाणाऱ्या धण्यांमागे कोणाचे श्रम आहेत, याचे उत्तर मूल स्वतःच काढील. सूर्यफुलाचे तेल विकणाऱ्या घरालाही हाच हिशेब लागू पडतो.

फुलांची निवड करताना आपली आवड बाजूला ठेवावी. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, परंतु आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. मधमाश्यांचे रंगज्ञान आणि त्यांचे नृत्य उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाकळ्यांनी गच्च भरलेल्या संकरित झेंडूपेक्षा तिला तुळशीची साधी मंजिरी अधिक उपयोगाची असते.

मोहरीवर मावा पडला तर औषध फवारण्याचा मोह होतो. परंतु फुललेल्या झाडावर मारलेले विष मधमाशीलाही सोडत नाही. मावा खाणारे ढालकिडे बहुधा मागोमाग येतात. तोवर धीर धरावा. फुलांजवळ मुलाने हात न हलवता दूर बसून पाहावे. दंशाने कोणाला अंगावर सूज किंवा धाप येत असेल, तर त्याला तेथे बसवू नये.

या सर्व खटाटोपाची खरी परीक्षा कदाचित गॅलरीबाहेर होईल. एखाद्या इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागते आणि रात्री धूर करून ते जाळावे, असे कोणीतरी सुचवते. आग्यापासून मुलांना दूर ठेवलेच पाहिजे. तो धोका खरा आहे. परंतु पोळे न जाळता हलवणारी प्रशिक्षित माणसे असतात, त्यांना बोलावता येते. त्या बैठकीत वडिलांनी काय मत दिले, हे धण्यांची वही ठेवणारे मूल घरी आल्यावर नक्की विचारील. उत्तर आधीच ठरवून ठेवलेले बरे.