दुर्मिळ साखर, सुलभ थापा

कोलकात्याच्या बालीगंजमध्ये राहून गोड टाळायचं म्हणजे आषाढीला पंढरपुरात राहून टाळ टाळायचे. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात ‘शुगर-फ्री’ संदेश, म्हणजे छेन्याची बंगाली मिठाई, घेतला. “एकदम सेफ, दादा!” घरी येऊन खोका उलटा केला. तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं: माल्टिटॉल. म्हणजे साखरेच्या निम्म्याहून जास्त कॅलरी, रक्तातली साखरही थोडीफार वाढणार, आणि चार तुकडे जास्त झाले की पोट रात्रभर भाषण ठोकणार. हे यांचं सेफ!

भाच्यानं अमेरिकेहून ऑल्युलोज नावाच्या दुर्मिळ साखरेची पिशवी आणली होती. साखरेच्या सत्तर टक्के गोडी, ग्रॅमला जेमतेम 0.4 कॅलरी. बायकोनं त्यात छेना परतला तर संदेश बदामी झाला, कारण ही साखर आचेवर पटकन रंग धरते. खजुराच्या नोलेन गुळाचा आव फुकटात! खाल्ला, आवडला. (ओंजळभर खाल्लं तर पोट यालाही माफ करत नाही, ते असो.)

अंजीर-मनुकांत ही साखर चिमूटभर असते. 1991 साली जपानच्या कागावा विद्यापीठात केन इझुमोरींना मातीतल्या एका जंतूत असं विकर सापडलं, की ते फ्रुक्टोजच्या रेणूतला एकच कोपरा फिरवतं आणि फ्रुक्टोजचं ऑल्युलोज होतं. एका फेरीत चौथ्या हिश्श्याच्या आसपासच बदलतं. उरलेलं वेगळं काढून पुन्हा फिरवायचं. कटकट आहे, पण जपान्यांनी ती केली. आणि फ्रुक्टोज म्हणजे काय? आपल्या उसाच्या साखरेचा निम्मा भाग!

2019 साली अमेरिकेच्या अन्न प्रशासनानं वेष्टनावरच्या साखरेच्या आकड्यातून ऑल्युलोज वगळायला मुभा दिली. त्याच वर्षी आपल्याकडे साखरेचा किमान विक्री दर किलोला 31 रुपये ठरला, आणि आमचे साखरसम्राट त्या आकड्याभोवती प्रदक्षिणा घालत बसले. पुण्याजवळच्या मांजरीला 1975पासून साखर संस्था आहे, मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत या विकरांवर काम झालंय, माझ्या घराजवळच्या सायन्स कॉलेजात जैवरसायन शिकवतात. माणसांची वाण नाही. पण साखर कारखान्यांच्या वार्षिक सभेत विषय तेच: उसाची एफआरपी, मळी, इथेनॉल, आणि शेवटी चहा, तोही दोन चमचे साखरेचा.

चेअरमनसाहेब, पुढच्या हंगामाआधी मळीच्या टाकीमागची मूठभर माती तरी कुणाला तपासायला द्या.