ताप अंगावर काढू नका!

सन १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच त्या हिंडूफिरू लागल्या. १९५० च्या नोबेल पारितोषिकात डॉक्टरांना वाटा मिळाला.

आज त्याच कुळातले प्रेडनिसोलोन आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट कितीतरी घरांत आहे. सांध्यांवर तुटून पडणारी शरीरातील फौज ही औषधे आवरतात; परंतु जंतूंशी लढते तीही हीच फौज! प्रेडनिसोलोनमुळे कधी कधी ताप चढतच नाही. तेव्हा कणकण, धाप, लघवीची जळजळ एवढीही सूचना पुरेशी मानून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

घरच्यांनी दोन गोष्टी मुळीच करू नयेत. पहिली, प्रेडनिसोलोन एकाएकी थांबविणे. ते बरेच दिवस चालू असले, की शरीर स्वतःचे तसे द्रव्य पुरेसे बनवीत नाही. मग रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. मेथोट्रेक्सेट मात्र संसर्गात बहुधा थांबवितात. पण ते डॉक्टरांनी ठरवावे. दुसरी, मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या देणे. कोट्रायमोक्साझोल मेथोट्रेक्सेटच्या जोडीला पोटात गेले, तर रक्तपेशी घातक प्रमाणात घटू शकतात.

दिवाळीत नेहमीचे डॉक्टर गावाला जातात. म्हणून चालू औषधांची नावे व मात्रा कागदावर लिहून तो रुग्णाच्या पाकिटात आजच ठेवा. नवख्या डॉक्टरांना पहिल्याने तोच दाखवावा.