पाचर : गॅरेजमधल्या हातांसाठी एक प्रतिवाद

काही महिन्यांपूर्वी एका साहित्यविषयक चर्चासत्राच्या समारोपात एका ज्येष्ठ समीक्षकांनी आजच्या तरुण पिढीच्या वाचनविन्मुखतेवर बोलताना एक उदाहरण दिले. कर्जत-खालापुराकडे हल्ली फार्महाऊसच्या मागच्या शेडमध्ये जुन्या जीपगाड्या उंच करून त्यांना राक्षसी चाके बसवत बसलेली मुले दिसतात. ज्या समाजाच्या हातून पुस्तक सुटते त्याच्या हाती शेवटी पाना येतो, असे ते म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो आणि टाळ्या वाजवण्याची आमची काहीशी अडचण होती. आदल्या रविवारचे ग्रीस अद्याप आमच्या नखांतून गेलेले नव्हते.

आमच्यापैकी दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतात, एक जण शिकवून निवृत्त झाला आहे. कर्जत तालुक्यात एका मित्राच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तेथे जीपच्या वंशातली, मागे हौदा असलेली एक जुनी गाडी आम्ही गेली दोन वर्षे उंच करीत आहोत. 'आम्ही' हे सर्वनाम येथे जरा सैलपणे वापरले आहे हे कबूल केले पाहिजे. काम करतात ते खोपोलीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले काका. आम्ही पाना धरतो, बोल्ट हरवतो आणि चहा आणतो. पुस्तक आमच्या हातून सुटलेले नाही. प्रश्न असा आहे की पुस्तक आणि पाना यांपैकी एकच वस्तू माणसाच्या हातात राहू शकते, हे मराठी समीक्षेने कधी आणि कशाच्या आधारावर ठरवले?

गाडी उंच करणे म्हणजे नेमके काय, हे त्या सभागृहात कोणासही ठाऊक नसावे. जुन्या जीपवंशातील गाड्यांत कमानीचे पाटे धुऱ्याच्या खालून गेलेले असतात. ते सोडवून धुऱ्याच्या वर घेतले की गाडीचा सांगाडा चार-पाच इंच उचलला जातो. ऐकायला सोपे वाटते. पण पाटे वर गेले की त्यांच्यासाठी धुऱ्यावर नवी बैठक वेल्ड करावी लागते. ती बैठक अंशाने चुकली तर इंजिनाकडून मागे येणारा प्रॉपेलर शाफ्ट वाकड्या कोनात फिरतो, त्याचे क्रॉस झिजतात आणि सारी गाडी थरथरू लागते. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, मग खड्ड्यात चाक गेले की गाडी आपण न सांगता वळते. गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे उतारावर उलटण्याची शक्यता वाढते. आणि ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात. ही शेवटची गोष्ट आम्ही विसरलो होतो. एका बाजूने जॅक लावून गाडी उचलली तेव्हा धुरा खाली लोंबला आणि रबरी नळी सतारीच्या तारेसारखी ताणली गेली. काकांनी ती बोटाने नुसती छेडून दाखवली, बोलले काहीच नाहीत. त्या रविवारी आम्ही जे शिकलो ते, 'एक बदल केला की संपूर्ण रचना बदलते', संरचनावादावरच्या आमच्या व्याख्यानांत अनेक वर्षे सांगत आलो आहोत. फरक इतकाच की तेथे चूक झाल्यास कोणी दरीत जात नाही.

धुऱ्याचा कोन जुळवण्यासाठी पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पोलादाचा एक निमुळता तुकडा बसवतात. आम्ही त्याचे इंग्रजी नाव शोधून ठेवले होते. काका सरळ म्हणाले, "पाचर." सुताराची पाचर. मराठीत ती मारली जाते तेव्हा बहुधा दुसऱ्याच्या कामात अडथळा आणण्यासाठी. वाक्प्रचाराने शब्दाचा मूळ व्यवसायच पुसून टाकला आहे. येथे ती पुन्हा आपल्या जागी, दोन कठीण वस्तूंना एकमेकींशी जुळवून घेण्यास लावणारी म्हणून परत आली होती.

आमचा खरा वाद येथून सुरू होतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गाव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून खेड्याच्या व्यवस्थेला गाडा म्हणण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की गाडा ही करावी लागणारी वस्तू आहे, याचा विसर पडावा. तुंबा, आरे, धाव, कणा हे शब्द आज मराठीच्या किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सांगता येतील? लोखंडी धाव तापवून, फुगवून लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, यात उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे ज्ञान आहे, आणि ते ज्याच्या हातात होते त्याला आपण बलुतेदार म्हणून समाजशास्त्राच्या प्रकरणात बसवले. साहित्याच्या प्रकरणात तो आला तर दुःखासह आला, कसबासह क्वचितच आला.

यंत्राच्या बाबतीत तर आपली समीक्षा अधिकच एकसुरी आहे. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रयुग, यांत्रिकता, माणसाचे यंत्र होणे ही पल्लवी आम्ही स्वतः वर्गात इतक्यांदा म्हटली आहे की झोपेतही म्हणू शकू. मर्ढेकरांचे मोठेपण वादातीत आहे. पण त्यांनी पाहिलेले यंत्र म्हणजेच यंत्र, हा निष्कर्ष त्यांचा नव्हे, आपला आहे. यंत्र हे एका दृष्टीने नियती आहे आणि दुसऱ्या दृष्टीने काम आहे; जो त्याच्याखाली पाठीवर पडून तेल अंगावर घेतो त्याला ते प्रतीक म्हणून दिसत नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. या गोष्टी आपण चरित्रात नोंदवतो आणि कवितेकडे वळताना उंबऱ्याबाहेर ठेवून येतो. टॅक्सी चालवणाऱ्या माणसाच्या कानाला इंजिनाचा जो ताल कळतो, त्याचा त्याच्या ओळीच्या तालाशी काही संबंध असू शकेल काय? उत्तर नकारार्थी असेलही. प्रश्न विचारला गेलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या मोटारसायकलवरील प्रसिद्ध पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल सैल झालेले असते. निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून तेथे पाचर म्हणून घालू असे सुचवतो आणि मित्र दुखावतो. पत्रा कामाला उत्तम असतो, पण त्या मित्राला तो पत्रा दिसतच नाही, बिअरचा डबा तेवढा दिसतो. आमच्या ज्येष्ठ समीक्षकांना शेडमध्ये असाच बिअरचा डबा दिसला, असे आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो. (शेडमध्ये खरोखरचे डबे नसतात असा आमचा दावा नाही.)

भाषेविषयीही थोडे. गॅरेजची मराठी भ्रष्ट आहे असे म्हणणारे शुद्धिवादी आम्हांला ठाऊक आहेत. पाटा, धुरा, पाचर, वंगण यांच्या शेजारी क्रॉस, शाफ्ट, बुश हे शब्द तेथे निवांत नांदतात आणि त्यांना मराठीची विभक्ती लागते. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून सुटा भाग येतो तो आपले हिंदी-उर्दू नाव घेऊन येतो, खोपोलीत त्याला आगरी हेल लागतो. परिभाषाकोशांनी घडवलेले किती शब्द अशा रीतीने कोणाच्या तोंडी बसले? ज्या भाषेत लोक चूक झाली तर बोट गमावतात, त्या भाषेत संदिग्धता टिकत नाही. समीक्षेच्या परिभाषेविषयी असे म्हणण्याची सोय नाही.

येथवर वाचून आमच्या बाजूचे लोक खूश झाले असतील, तर त्यांनीही जरा थांबावे. कारण समीक्षक महाशयांनी पाहिले ते सर्वस्वी खोटे नव्हते.

१९४७ साली माझगावात महिंद्रांनी विलीस जीप जोडायला घेतली, तेव्हापासून ही गाडी आपल्याकडे फौजदाराची, पुढाऱ्याची, वनखात्याची आणि पुढे वडाप करणाऱ्याची झाली. हरियाणातल्या मंडी डबवालीने जुन्या जिपांना नवा अवतार देण्याचा मोठा धंदाच उभारला. यातले कसब आम्ही नाकारीत नाही. पण द्रुतगती मार्ग झाल्यानंतर मुंबईचे शनिवार-रविवार कर्जत-खालापुरात येऊन पडले, त्यांबरोबर जी उंच गाडी आली ती बहुतेक वेळा केलेली नसते, करवून घेतलेली असते. तिच्या मालकाला पाचर माहीत नाही, बिल माहीत आहे. ती ओढ्याच्या पात्रात घालायची, भाताच्या बांधावरून न्यायची, चित्रफीत काढायची आणि 'अनवट वाटा जिंकल्या' असे खाली लिहायचे. या वाटा कोणासाठी अनवट आहेत? ठाकर आणि कातकरी त्यांवरून रोज लाकूडफाटा घेऊन चालतात. १९४२ साली भाई कोतवालांचा आझाद दस्ता याच डोंगररांगांत वावरला. विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्या माणसांजवळ चारही चाकांना ताकद देणारी गाडी नव्हती. याच परिसरात राहून शेती केलेल्या र. वा. दिघ्यांच्या कादंबऱ्यांतला चिखल पेरणीचा आहे. तो चाकांवर मिरवण्याचा होईल हे त्यांना सुचले नसते.

शिवाय उंचीची एक गंमत काकांनी आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितली होती. "सर, गाडी उंच दिसंल हो, पण दगड लागायचा तिथंच लागणार." पाटे उचलल्याने सांगाडा वर जातो; धुऱ्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा, जो खडकाला सर्वांत आधी भिडतो, तो तसूभरही वर जात नाही. त्याला उचलायचे तर चाकच मोठे लागते, आणि अठ्ठावीस इंचांच्या जागी एकतीस इंचांचे चाक घातले तरी धुरा वर जातो तो दीडच इंच. त्या दीड इंचासाठी वेगदर्शक खोटे बोलू लागतो, काटा साठावर असताना गाडी सहासष्टने धावते, आणि ब्रेकवरचा भार वाढतो. इतके करून रस्त्यावरच्या माणसाला दिसते ती मात्र सगळी उंचीच.

कायद्याचेही बोलले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की निर्मात्याच्या मूळ तपशिलांत बसणार नाही असा फेरबदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. आमच्या गटात यावर कडाक्याचे वाद झाले. निर्मात्याने ठरवलेली वस्तू ग्राहकाने जशीच्या तशी वापरावी, हा दंडक कारागिरीच्या मुळावर येतो असे आम्हांला वाटते. परंतु ताणलेली ती ब्रेकची नळी आम्ही पाहिली आहे. तशी गाडी घेऊन कोणी खोपोलीच्या शाळेसमोरून जावे, हे आम्हांला मान्य नाही. म्हणून आमची गाडी शेताच्या कुंपणाबाहेर जात नाही. यात विसंगती आहे असे कोणी म्हटले तर ती आम्ही नाकारणार नाही.

आणि मग इरशाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या पोटाशी असलेल्या ठाकरांच्या या वाडीवर दरड कोसळली. वाडी खालापूर तालुक्यात, चौकच्या वर, द्रुतगती मार्गापासून हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ. पण गाडीरस्ता तेथवर नव्हता. खोदयंत्रे पायथ्याशी उभी राहिली, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही. जवान आणि आसपासचे लोक चिखलातून चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी त्या चढावरच गेला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह हाती लागले होते आणि सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली.

त्या आठवड्यात आम्ही शेड उघडली नाही. कुठेही जाऊ शकणारी गाडी, हे या छंदाचे मूळ वाक्य आहे. आमची गाडीही पायथ्याशीच थांबली असती, खोदयंत्रांच्या मागे. त्या तालुक्यात अशा कितीतरी गाड्या आहेत; त्यांच्या उंचीचा त्या रात्री काडीचा उपयोग नव्हता. शेजारच्या माथेरानात मोटारीला बंदी आहे, ती आम्हांला प्रियही आहे; पण मोटार नाही म्हणून तेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसाने माणसाला हातरिक्षात ओढले, आणि ती प्रथा सहा महिन्यांत थांबवा असे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला. तेव्हा यंत्र नको म्हणणाऱ्यांनीही चाकाच्या जागी कोणाचा पाय येतो, हे पाहिलेले बरे.

काकांनीच पुढच्या रविवारी शेड उघडली. हौद्याच्या तळाला पत्रा ठोकता ठोकता ते म्हणाले की गाडी शेतातल्या शेतातच फिरणार असेल तर निदान भाताची रोपे वाहील एवढी तरी करू. त्यामुळे आता उंची एक इंचाने कमी होत आहे. मागच्या पाट्यांतला एक पाटा काढला, पाचर नव्याने घासली. ब्रेकच्या नळ्या लांब बसवल्या आहेत आणि धुरा पूर्ण लोंबवून दोनदा तपासल्या आहेत.

ज्येष्ठ समीक्षकांना आमचे निमंत्रण आहे. कर्जत स्थानकावर उतरावे, आम्ही न्यायला येऊ; अर्थात या गाडीने नव्हे, रिक्षाने. रविवारी सकाळी दहापासून आम्ही शेडमध्येच असतो. येताना जुने कपडे घालावेत. चौदा नंबरचा पाना कोणता, ते काका दाखवतील.