यंत्रचालकाची परीक्षा कोण घेणार?

आमच्या वरच्या वर्गांतील मुलें अठरा वर्षें पुरीं होण्याची वाट ज्या आतुरतेनें पाहतात, ती पदवीकरितां नव्हे, मोटारीच्या परवान्याकरितां, हें आम्हां शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे. त्या परवान्यासाठीं निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावी लागते. "माझ्या वडिलांनीं मला घरींच पास केलें आहे," असें म्हणून तेथें कोणाची सुटका होत नाहीं. परंतु अमेरिकेंत चालकाविना धांवणाऱ्या मोटारींच्या बाबतींत बहुतांशीं हेंच उत्तर पुरेसें मानण्यांत आलें आहे.

कॅलिफोर्निया संस्थानानें २०१२ सालीं याविषयीं कायदा केला. २०१४ पासून चांचणीच्या गाडींत शिकविलेला मनुष्य बसविणें व ५० लक्ष डॉलरांचा विमा किंवा तितकें तारण देणें आवश्यक झालें. २०१८ पासून मनुष्यावांचूनही चांचणीची परवानगी मिळूं लागली. नियम थोडे नाहींत. पण गाडी रस्त्यास योग्य आहे अशी ग्वाही मुख्यतः तिची कंपनीच देते. याउलट त्याच देशांत मालमोटार चालवूं इच्छिणाऱ्या माणसास, १९८६ च्या कायद्यान्वयें, आधीं ज्ञानाची परीक्षा, मग गाडीची तपासणी करून दाखविणें, ती नेमकी मागें-पुढें घेणें, आणि शेवटीं परीक्षकास शेजारीं बसवून हमरस्त्यावर चालविणें, इतकें सर्व करावें लागतें. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्याची सवलत आमच्या शाळेंत तरी अद्याप सुरू झालेली नाहीं!

याचें फळ काय, तें एका प्रसंगावरून दिसतें. २०१६ च्या डिसेंबरांत उबर कंपनीनें सॅनफ्रान्सिस्कोंत परवान्यावांचून अशा मोटारी रस्त्यावर आणल्या. सरकारनें १६ गाड्यांची नोंदणी रद्द करतांच ती शेजारच्या ॲरिझोनांत गेली, आणि तेथें तिचें स्वागत झालें. १८ मार्च २०१८ च्या रात्रीं टेंपी गांवीं तिच्या एका गाडीनें सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीस ठार केलें. यंत्रास ती सुमारें साडेपांच सेकंद आधीं जाणवली होती; पण ती कोण, हें त्यास शेवटपर्यंत ठरवितां आलें नाहीं. देखरेखीस बसविलेली व्यक्ति फोनवर कार्यक्रम पाहत होती. राष्ट्रीय चौकशी मंडळानें त्या व्यक्तीस व कंपनीस दोष दिलाच, शिवाय ॲरिझोनाच्या अपुऱ्या देखरेखीसही दिला. २०२३ च्या ऑक्टोबरांत सॅनफ्रान्सिस्कोंत क्रूझ कंपनीच्या गाडीनें एका पादचारी स्त्रीस सुमारें २० फूट फरफटत नेलें, तेव्हां कॅलिफोर्नियानें त्याच महिन्यांत परवाना थांबविला. देणारा हात असल्यामुळेंच काढून घेणारा हात होता.

यंत्र मद्य पीत नाहीं, पेंगत नाहीं, हें मला मान्य आहे. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. हा आंकडा यंत्रामुळें उतरणार असेल, तर मीं त्यास विरोध कां करावा? मंत्री श्री. नितीन गडकरी यांनीं २०१७ सालीं, रोजगार जातील म्हणून अशा मोटारी येथें येऊं देणार नाहीं, असें सांगितलें होतें. ती चिंता खरी आहे. आमच्या कित्येक मुलांची फी मालमोटारीच्या चाकांवरूनच येते. तथापि तो प्रश्न निराळा.

माझें मागणें लहान आहे. यंत्रानें परवाना मागितला, तर सरकारी परीक्षकानें त्याची परीक्षा घ्यावी, भर पावसांत, बाजाराच्या दिवशीं आणि काळोखांतही, व निकाल सर्वांस वाचावयास ठेवावा. पहिला प्रश्न टेंपीचाच असावा: रात्रीची वेळ, रुंद रस्ता, आणि हातीं सायकल घेऊन तो ओलांडणारी एक स्त्री.