सरकारी कुलुपे

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले, ते बांधणाऱ्याच्या हालअपेष्टांना उद्देशून. परंतु घर बांधून झाल्यावर त्यात कोणी राहावयासच जाणार नाही, ही कल्पना त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसावी. ती प्रत्यक्षात उतरविण्याचा मान आमच्या सरकारी खात्यांचा आहे. मुंबईसारख्या शहरी, जेथे चार माणसांच्या कुटुंबास डोके टेकण्यापुरती जागा मिळविण्यासाठी जन्माची कमाई ओतावी लागते, त्याच शहरी सार्वजनिक पैशाने अथवा सार्वजनिक सवलतींच्या मोबदल्यात उभारलेल्या हजारो खोल्या वर्षानुवर्षे कुलपात पडून राहतात. आणि या कुलपांच्या किल्ल्या नेमक्या कोणाच्या खुंटीस टांगलेल्या आहेत, हे विचारण्याची सवयही आम्हा नागरिकांस उरलेली नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. रिकामी घरे म्हटली की विद्वान मंडळी २०११ च्या जनगणनेतील आकडा पुढे करतात. देशातील शहरांत त्या वेळी एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती, व एकट्या मुंबईत सुमारे पावणेपाच लक्ष, असे २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालातही नमूद आहे. पण यांतील बहुतेक घरे खाजगी मालकीची. कोणी भाडेकरू घरात घुसून बसेल या धास्तीने ती बंद ठेवतो, कोणी भाव चढण्याची वाट पाहतो. आमच्या वाचकांपैकीही एखाद्याच्या कपाटात अशी एक किल्ली निघेल. तिच्याविषयी पुन्हा केव्हा तरी भांडू. आज आमचे भांडण ज्या घरांचा मालक जनता आहे आणि ज्यांचा कारभारी हिशेब देत नाही, अशा घरांविषयी आहे.

हा रोग नवा नाही, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत मुंबईत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते निघाले. गिरणीकामगारांसाठी एकखोली बिऱ्हाडे पन्नास हजार बांधावयाची, असा त्याचा संकल्प! त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२, मिळून २०७. आणि मग? मग त्या रिकाम्या राहिल्या. एका खोलीचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस फूट; तिचे भाडे कामगाराच्या पगारास न पेलणारे; वरळी तर त्या काळी गिरण्यांपासून दूर, ना बाजार जवळ, ना ट्राम. भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे ज्याच्या नशिबी, त्याने समुद्रकाठच्या या काँक्रीटच्या पेटीत जाऊन काय करावे? खात्याने घरे बांधताना सिमेंटचा हिशेब केला, कामगाराच्या पायांचा केला नाही. पन्नास हजारांचा संकल्प सोळा-साडेसोळा हजारांवर आटोपता घ्यावा लागला, आणि त्यांतीलही कित्येक चाळींना अनेक वर्षे भाडेकरू मिळाला नाही.

१९३० च्या कायदेभंगात या वरळीच्या चाळींचा मोठा चमत्कारिक उपयोग झाला. तुरुंग सत्याग्रहींनी भरून गेले, तेव्हा सरकारने येथे तात्पुरता तुरुंग उघडला. कामगारांना पुरेशी न वाटलेली घरे कैद्यांना मात्र पुरली! पुढे भाडी उतरली, वस्ती वाढली, आणि याच चाळींतून एक अवघी संस्कृती नांदली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वरळीस आता पुनर्विकास चालू असून ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु १९२० च्या दशकातील त्या रिकाम्या खोल्यांचा जाब त्या वेळी निदान जाहीरपणे विचारला जात होता. वीर नरीमन यांनी या खात्याच्या बॅकबे प्रकरणावर असा काही हल्ला चढविला की सरकारी अधिकाऱ्यास अब्रूनुकसानीच्या फिर्यादीचा आश्रय घ्यावा लागला, आणि त्या फिर्यादीत नरीमन निर्दोष सुटले. परकीय राज्यात लोकप्रतिनिधीने हे केले. स्वराज्यात आम्ही काय केले, ते आता पाहावे.

चेंबूरजवळ माहुल नावाचे गाव आहे. सभोवती तेलशुद्धीकरणाचे व रसायनांचे कारखाने. येथे प्रकल्पग्रस्तांसाठी बहात्तर इमारती उभ्या करण्यात आल्या. सतरा हजारांवर खोल्या, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्यास तेथील हवेपासून धोका असल्याचे आपल्या निकालात म्हटले. हा निकाल उघड होता, महापालिकेच्या कार्यालयापर्यंत पोहोचण्यास त्यास सात समुद्र ओलांडावे लागणार नव्हते. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविल्यावर तेथील हजारो माणसांस याच ठिकाणी आणून टाकण्यात आले. माणसे खोकू लागली, अंगावर चट्टे उठू लागले, मुलांची शाळा सुटली, घरकामास जाणाऱ्या बायांची कामे सुटली. अखेर ऑक्टोबर २०१८ पासून यांतील कित्येक कुटुंबे विद्याविहारनजीक पदपथावर येऊन बसली. डोक्यावर पक्के छप्पर असताना माणूस फुटपाथ का पत्करतो, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने घरबांधणीच्या खात्यात नोकरी करू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यापुढे तेथे कोणास पाठवू नये, व जे आहेत त्यांस दुसरे घर मिळेपर्यंत दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्यावे, असा निकाल दिला.

म्हणजे एकीकडे हजारो खोल्यांस कुलूप आणि दुसरीकडे त्याच खोल्या राहण्यायोग्य नाहीत म्हणून सार्वजनिक तिजोरीतून भाडे! यावर तोडगा कोणता निघावा? २०२५ च्या मार्चात महापालिकेने यांपैकी नऊ हजारांवर खोल्या आपल्याच तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांस सुमारे साडेबारा लक्ष रुपयांना विकावयास काढल्या. प्रतिसाद थंड आला, मुदती वाढवाव्या लागल्या. जी हवा झोपडीवासीयास बाधते ती सफाई कामगारास मानवेल, हे शास्त्र कोणत्या ग्रंथात लिहिले आहे ते आम्हांस कळलेले नाही.

यावर अधिकारी मंडळींचे ठरलेले उत्तर असे की, “आम्ही बांधली, लोकांनाच नकोत.” हे उत्तर आम्ही समूळ नाकारतो. विरारजवळ बोळींज येथे म्हाडाच्या कोकण मंडळाची हजारो घरे वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाविना पडून राहिली, तेव्हाही हेच ऐकू आले. पण तेथे पाण्याची रड होती, व किंमत अशी की त्या किमतीत पाणी असलेले घर खाजगी बांधकामवाल्याकडे मिळे. लोकांना घर नको होते असे नव्हे. त्यांना नळ असलेले घर हवे होते. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे गेल्यानंतर, जुन्या योजनांतील रिकामी सरकारी घरे त्यांस भाड्याने द्यावयाची योजना काढली, ती या घरांचा साठा केवढा आहे याची कबुलीच होय. सरकारने बांधलेले घर रिकामे राहते तेव्हा बहुधा जागा, भाडे, पाणी अथवा हवा यांपैकी कशात तरी चूक असते, आणि ती चूक पहिल्या सहा महिन्यांतच दिसण्याजोगी असते. ती दिसूनही दहा वर्षे तशीच राहते, याचे कारण निराळे आहे.

ते कारण असे की, रिकाम्या घराचा जाब ज्याने विचारावयाचा तो विचारीत नाही, आणि ज्याने द्यावयाचा त्याचा पत्ता लागत नाही. मुंबईत घर महापालिकेचे असू शकते, म्हाडाचे असू शकते, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचे वा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे असू शकते. एका उपनगरातील अशाच एका वसाहतीत आम्ही मागे गेलो असता, तळमजल्याच्या बंद दारांमागे पाणी साचून भिंतींस शेवाळ चढलेले पाहिले. ही इमारत कोणाची, असे तेथील पहारेकऱ्यास विचारले, तेव्हा त्याने आपल्या कंत्राटदाराचे नाव सांगितले! त्या गरिबास दोष देण्याचे कारण नाही. त्यास पगार जो देतो तोच त्याचा मालक. पण ज्या प्रभागात ती इमारत होती त्या प्रभागाच्या नगरसेवकासही याहून अधिक सांगता आले असते, असे आम्ही शपथेवर म्हणू शकत नाही. आणि मध्यंतरी तर नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभासदांची मुदत संपली, व पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या एकट्याच्या हातून या महानगराचा कारभार चालला. माहुलच्या खोल्या विकावयास निघाल्या त्या याच काळात. प्रश्न विचारणारे सभागृहच बंद, तेथे घरे बंद असल्याची खंत कोणास?

विलायतेचा दाखला द्यावयाचा म्हणजे आपल्याकडे अद्याप थोडे कानकोंडे वाटते, पण येथे तो देणे भाग आहे. इंग्लंडातील स्थानिक कौन्सिले आपल्या मालकीची किती घरे रिकामी आहेत याची माहिती दरवर्षी मध्यवर्ती सरकारास कळवितात व ती प्रसिद्ध होते. खाजगी घरेही एक वर्षाहून अधिक काळ रिकामी व सामानाविना ठेवली, तर एप्रिल २०२४ पासून कौन्सिलला त्यांवर दुप्पट कर बसविता येतो. तिकडे सर्व सोन्याचे आहे असा आमचा भ्रम नाही. तिकडची वृत्तपत्रेही दुरुस्तीविना पडलेल्या कौन्सिलच्या घरांवरून रोज ओरडत असतात. परंतु त्यांना ओरडावयास आकडा हाती असतो. आमच्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. मागितल्यावाचून स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी, असे त्यात स्पष्ट आहे. तरी सर्व खात्यांच्या रिकाम्या घरांची एकत्र, प्रभागवार नोंद सामान्य नागरिकास सहज पाहता येईल अशा जागी आमच्या तरी दृष्टीस पडलेली नाही.

येथे दोन आक्षेप येतील. काही घरे राखून ठेवावीच लागतात, नाहीतर उद्या नाला रुंद करावयाचा तर लोकांना हलवावयाचे कोठे? हा आक्षेप रास्त आहे. राखीव साठा असावा. पण तो किती, आणि कोणत्या कामासाठी, हे लिहिलेले असावे. कोठारात धान्य राखणारा गृहस्थ पोती मोजून ठेवतो; कुजलेली पोती मोजून ‘राखीव’ म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा की, रिकाम्या घरांची यादी प्रसिद्ध केली तर त्यांत घुसखोर शिरतील. पण म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत घुसखोर शिरले ते काय कोणती यादी वाचून? घुसखोरास व दलालास बंद दार शोधण्यासाठी सरकारी पत्रक लागत नाही. ते लागते मोडकळीस आलेल्या चाळीत जीव मुठीत धरून राहणाऱ्या प्रामाणिक कुटुंबाला, कारण त्यास दलाल ठाऊक नसतो.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रभागातील सार्वजनिक मालकीची रिकामी घरे, कोणत्या खात्याची, किती महिन्यांपासून बंद, कशामुळे बंद, आणि पहारा, वीज व दुरुस्तीवर त्यांपायी किती खर्च झाला, एवढे एक पत्रक दर तिमाहीस सभागृहापुढे यावे. घर महापालिकेचे नसून दुसऱ्या प्राधिकरणाचे असले तरी ते त्याच प्रभागातील पाणी व रस्ता वापरणार आहे. तेव्हा त्याची माहिती मागण्याचा अधिकार प्रभागाच्या प्रतिनिधीस असलाच पाहिजे. सहा महिन्यांहून अधिक बंद असलेल्या घराचे कारण खात्याच्या अधिकाऱ्याने समितीपुढे स्वतः येऊन सांगावे. टपालाने पाठविलेले उत्तर चालू नये.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन मुंबईस पुन्हा २२७ नगरसेवक मिळाले आहेत. मते मागावयास आलेल्या या मंडळींनी आमच्या घरांचे जिने चढण्यात कसूर केली नाही. आता आमच्या वाचकांनी त्यांचे जिने चढावे व आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास एकच प्रश्न लेखी द्यावा: या प्रभागात सरकारी मालकीच्या किती घरांस आज कुलूप आहे, आणि ते कोणत्या तारखेस लागले?