मागेल त्याला संरक्षण?

‘मागेल त्याला शेततळे’ ही शासनाची योजना वऱ्हाडातील शेतकऱ्यांना परिचित आहे. शेततळे मागून घेणे रास्तच. ते आपल्या शेतात हवे की नको, हे शेतकऱ्यानेच ठरवावयाचे असते. परंतु सुरक्षितताही ज्याने त्याने मागूनच घ्यावी काय? इतिहास शिकविताना आम्हांला नेहमी पडणारा हा प्रश्न आज संगणकाच्या संदर्भातही उभा आहे.

संगणकाच्या स्मृतीत दोन गोष्टी असतात : पाळावयाच्या आज्ञा आणि नुसती माहिती. माहितीच्या जागेत कोणी लबाडीने आज्ञा पेरली, तर ती पाळली जाऊ नये, अशी सोय प्रोसेसरमध्ये असते. ती वापरावी की नाही, हे कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवितो. विंडोज ७ पर्यंत कर्नलमधील ड्रायव्हरांना मिळणारी नेहमीची स्मृती आज्ञा चालवू देणारीच असे. २०१२ साली विंडोज ८ मध्ये सुरक्षित प्रकार आला. मात्र ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तो नावानिशी मागावा लागे. २०२० मध्ये विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत रीत उलटली : नव्या पद्धतीने मागितलेली स्मृती आपोआप सुरक्षित, सूट हवी असेल त्याने ती मागावी.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या यांनी विंडोजमधील एकाच दोषाचा लाभ घेतला. विंडोज ७ वर तो हल्ला कर्नलच्या अशाच मोकळ्या स्मृतीत आपल्या आज्ञा ठेवून चालवीत असे. २७ जून रोजी नॉटपेट्याने माएर्स्क कंपनीची यंत्रणा ठप्प केली, तेव्हा न्हावा शेवा येथील त्या समूहाच्या टर्मिनलचेही काम थांबले. नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांच्या आधारेही पसरत होता, हे खरे. परंतु मोकळ्या जागेने हल्लेखोराचे काम सोपे केले, हेही तितकेच खरे.

कडक नियमाने जुने ड्रायव्हर बंद पडतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु सूट मागणारा जाणकार असतो. संरक्षणाची गरज असणाऱ्याला मात्र ते मागता येते, हेच ठाऊक नसते. अमरावती-अकोल्याच्या खेड्यातून आलेली, घरात प्रथमच संगणकाला हात लावणारी मुलगी कर्नलकडे काय मागणार? तिच्या वतीने व्यवस्थेनेच आधी विचार केला पाहिजे. ज्याला ज्ञान आहे त्यालाच संरक्षण, ही जुनीच विषमता नव्या यंत्रात शिरता कामा नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे. शाळेला जुना संगणक अवश्य द्या. पण विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे, हे लक्षात ठेवून त्यावर सुरक्षा-सुधारणा मिळणारी प्रणाली बसवूनच द्या. आणि तुमच्यापैकी जे आज्ञावली लिहितात, त्यांनी न मागणाऱ्याचाही विचार करावा.